हायसे वाटले, त्याची नोंद

२६ डिसेंबर, रात्री साडेदहा

परवा रात्रीपासून एक गोष्ट मनात सलते आहे, आणि ती इतकी लहान आहे की कोणापाशी बोलावी तर ऐकणारा सहज म्हणेल, एवढेच ना. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मी वाचायच्या प्रार्थनांपैकी एक चर्चचे काम पाहणाऱ्या काकांनी खोडली. मिस्सा सुरू व्हायला वीस मिनिटे होती, गायकवृंद सूर जुळवत होता आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यावरची चांदणी मध्येच विझत होती म्हणून दोन मुले शिडीवर चढली होती. काकांनी माझ्या हातातला कागद घेतला, चौथ्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "ताई, ही आज नको. आज सण आहे." मग खिशातले पेन काढून त्यांनी त्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली, वहीला समास आखावा तशी. मी "बरं" म्हटले.

ती ओळ अशी होती: ओडिशातील कंधमाळ जिल्ह्यात २००७ च्या नाताळात आणि २००८ च्या ऑगस्टनंतर ज्यांची घरे व चर्च जाळली गेली, ज्यांना जिवे मारले गेले आणि ज्यांना आपल्या गावी पुन्हा राहता आले नाही, त्या सर्वांसाठी आपण प्रार्थना करू या.

काल दिवसभर मी स्वतःची कीव करत बसले होते. इतकी वर्षे वाचनांची जबाबदारी सांभाळते, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून कागद जुळवते, आजारी असतानाही कधी पाळी चुकवलेली नाही, आणि एका वाक्याबद्दल माझे मत विचारण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. धाकटीला फोनवर मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तू काय म्हणालीस?" मी म्हटले, बरं म्हणाले. त्यावर ती काहीच बोलली नाही.

ती गप्प राहिली म्हणूनच हे लिहायला बसले आहे. कारण तिला जे सांगितले ते खरे असले तरी पुरे नव्हते. काकांनी रेघ ओढली त्या क्षणी मला राग आला नव्हता. मला हायसे वाटले होते. राग दुसऱ्या दिवशी आला, भांडी आवरताना, आणि तो मी जवळजवळ स्वतःच बोलावून आणला, असे आता वाटते.

मुळात ती ओळ सुचली कशी, ते आधी नोंदवून ठेवते. डिसेंबरच्या सुरुवातीला बचतगटांच्या प्रदर्शनातून हळदीचे एक पाकीट आणले होते. त्यावर 'कंधमाळ हळद' असे लिहिले होते. या हळदीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथले डोंगरात राहणारे लोक ती पिढ्यान्‌पिढ्या पिकवतात आणि त्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांचा रोख पैसा तिच्यावरच येतो. पाकीट ओट्यावर ठेवले आणि त्या नावाकडे पाहत उभी राहिले. हे नाव मला ठाऊक होते, पण स्वयंपाकघरातले नाव म्हणून नव्हे.

२००७ मध्ये २४ डिसेंबरच्या सकाळी, तिथल्या दारिंगबाडी भागातल्या ब्राह्मणीगावात, नाताळासाठी बाजारात उभारलेल्या मंडपावरून आणि कमानींवरून तंटा झाला आणि ख्रिस्ती लोकांच्या दुकानांवर हल्ला झाला. त्याच दिवशी धर्मांतराला विरोध करणारे विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांच्या गाडीवर हल्ला झाल्याची बातमी पसरली, आणि मग चार-पाच दिवस जिल्हा पेटत राहिला. चर्च जाळली गेली, मठ आणि वसतिगृहे जाळली गेली, गावेच्या गावे जंगलात पळाली. काही ठिकाणी उलट हल्ले होऊन हिंदूंचीही घरे जळाली. हेही लिहिले पाहिजे, नाहीतर या पानावर मी पुन्हा एक ओळ खोडल्यासारखे होईल. दारिंगबाडी म्हणजे ओडिशातले थंड हवेचे ठिकाण. तिथे डिसेंबरात गवतावर दव गोठते असे म्हणतात. त्या थंडीत लहान मुलांना घेऊन लोक नाताळच्या रात्री झाडांखाली बसले होते. शेकोटी पेटवावी तर धूर दिसेल, ही भीती. आमच्याकडे त्याच रात्री मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात केक आणि गरम कॉफी होती. २००७ ची ती कॉफी मला आठवत नाही. दरवर्षी असतेच, म्हणून त्याही वर्षी असणार.

ऑगस्ट २००८ मात्र आठवतो. २३ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या रात्री, जलेसपेटा येथील आश्रमात स्वामी लक्ष्मणानंद आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांची हत्या झाली. माओवाद्यांनी ती आपण केल्याचे सांगितले, पण तोवर दोष कोणाच्या माथी मारायचा हे ठरून गेले होते. अंत्ययात्रा जिल्हाभर फिरवली गेली आणि नंतर कित्येक आठवडे जे चालले त्यापुढे डिसेंबर फिका पडावा. सरकारी हिशेबात मृत्यू चाळिसाच्या आत आहेत. चर्चच्या आणि मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या हिशेबात ते शंभरच्या आसपास जातात. पन्नास हजारांहून अधिक माणसे घराबाहेर पडली. रैकिया, टिकाबाली, जी. उदयगिरी येथे तंबूंच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि त्या वर्षीचा नाताळ हजारो लोकांनी त्या तंबूंतच काढला. गावी परतायचे असेल तर धर्म सोडून या, असे अनेकांना सांगितले गेले. काही जण तसे परतले. त्यांच्याविषयी मी कधीच वाईट विचार करू शकलेले नाही. परवाच्या रात्रीनंतर तर मुळीच नाही.

२९ ऑगस्ट २००८ ला निषेध म्हणून देशभरातल्या कॅथलिक शाळा बंद ठेवण्यात आल्या होत्या. आमचीही होती. त्या दिवशी मी काय केले ते मला स्पष्ट आठवते. मी तपासायच्या वह्यांचा एक गठ्ठा संपवला, दुपारी झोपले आणि संध्याकाळी आईकडे गेले. अचानक मिळालेली सुट्टी म्हणून मनातून बरे वाटले होते. तेही एक हायसेच. म्हणजे हे काल-परवाचे नाही.

तर पाकिटावरच्या नावाने ही सगळी जुनी पाने उघडली आणि मी ती ओळ लिहिली. लिहिताना मी सरळ होते, एवढे म्हणायला हरकत नाही. 'जगभरातील छळग्रस्त ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी' ही नेहमीची ओळ हाताशी होती. ती आम्ही वर्षातून चार-पाच वेळा म्हणतो आणि कोणीही मान वर करून पाहत नाही. जग इतके मोठे आहे की त्यात कोणाचेच गाव येत नाही. मला गावाचे नाव हवे होते.

मग हायसे का वाटले?

पहिले उत्तर भीतीचे आहे, आणि ते मी काकांवर ढकलू शकते. आजकाल मिस्सा थेट प्रक्षेपित होते. चर्चच्या फाटकाबाहेर दरवर्षीप्रमाणे पोलिसांची गाडी उभी होती. दोन हवालदार होते, आम्ही त्यांना केक दिला आणि ते छान हसले. तरी गाडी कशासाठी उभी आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. कोणी दहा सेकंदांचा तुकडा कापून पसरवला तर त्याचे उत्तर कोण देणार? आणि उत्तरादाखल लोक काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे: पोर्तुगीजांच्या काळात वसईच्या याच किनाऱ्यावर देवळे पाडली गेली, त्याचे काय? पाडली गेली. मी ते नाकारत नाही, आणि त्याची लाज मला वाटते. पण ब्राह्मणीगावात ज्याचे दुकान गेले त्याने कोणाचे देऊळ पाडले होते? त्या माणसाच्या आजोबापणजोबांना तर कोणत्याच देवळाच्या पायरीवर चढू दिले जात नव्हते.

हे मी रागाने लिहीत नाही. कंधमाळमधले बरेचसे ख्रिस्ती पाण समाजातले, म्हणजे दलित आहेत. काही कंध आदिवासीही आहेत. पाण माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीचा राहत नाही, कारण १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश तसे सांगतो. त्या आदेशात १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना जागा मिळाली. १९९० ची दुरुस्ती महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावी लागत नाही, पण तीच सवलत अहमदनगर किंवा जालन्याच्या दलित ख्रिस्ती माणसाला मिळत नाही, हे आपल्याकडेही फारसे कोणी उच्चारत नाही. कंधमाळमध्ये पाण लोक कंधांची कुई भाषा बोलतात, त्या आधारावर त्यांनी जमातीचा दर्जा मागितला. कंधांना वाटले की आपल्या जमिनी आणि आपला वाटा जाणार. त्या भीतीत धर्माची काडी टाकणारे टाकून गेले. एवढे सगळे एका प्रार्थनेच्या ओळीत मावत नाही हे मान्य. पण म्हणून ती ओळच नको?

आज सकाळी काकांना फोन केला. भांडायचे ठरवून केला होता. ते म्हणाले, "ताई, मला माहीत होतं तुमचा फोन येणार." मग बराच वेळ थांबून म्हणाले की २००८ मध्ये इथून जी मदत गेली, तिच्या पेट्या त्यांनीच बांधल्या होत्या. चादरी मोजताना एका पेटीत कोणीतरी लहान मुलाचा स्वेटर घातलेला सापडला, हाताने विणलेला, आणि तो नीट घडी करून त्यांनी सर्वांत वर ठेवला होता. "मी विसरलोय असं समजू नका," एवढेच ते म्हणाले. "पण परवा पुढच्या बाकांवर पोरं बसली होती, त्यांच्या आया बसल्या होत्या. मला वाटलं, एक रात्र तरी." पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. त्यांच्यावर धरलेला राग त्यानंतर कुठे ठेवावा हे मला कळेना.

म्हणून पुन्हा स्वतःकडे वळते. भीती हे पहिले उत्तर झाले. दुसरे उत्तर वाईट आहे.

परवा मी शेजारच्या वहिनींना मिस्सेला बोलावले होते. किती वर्षे त्या म्हणत होत्या, एकदा यायचंय मला, रात्रीचं ते गाणं ऐकायला. यंदा आल्या, काठाची साडी नेसून, गोठ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग माझ्याच बाकावर बसल्या. कागद वाचायला मी वेदीपाशी जाणार होते तेव्हा माझ्या डोक्यात एकच होते: ती चौथी ओळ वहिनींना ऐकावी लागेल. त्यांना काय वाटेल? आपल्याला बोलावून आपल्याच लोकांविषयी सुनावले, असे तर नाही वाटणार? काकांची रेघ ओढून झाली तेव्हा मनात आले, सुटले. वहिनींची रात्र खराब होणार नाही. माझी होणार नाही.

यात मी वहिनींचा केवढा अपमान केला, हे मला काल रात्री उशिरा उमगले. आईच्या शेवटच्या दुखण्यात ज्या बाईने चौदा रात्री जागून काढल्या, तिला एका जिल्ह्यातल्या जळलेल्या घरांची गोष्ट सोसवणार नाही असे मी परस्पर ठरवून टाकले. ती दुसऱ्याच्या दुःखाकडे आधी धर्म पाहून मग पाहील, असे मी गृहीत धरले. तिने कधी मला तसे वागवलेले नाही. आणि हे सगळे मी तिच्यावरच्या प्रेमापोटी केले, असेच मी परवा स्वतःला सांगत होते.

आज संत स्तेफनचा सण. सकाळच्या मिस्सेला आम्ही पंधरा-सोळा जण असू, परवाचे निम्मे दिवे उतरवलेले, धर्मगुरूंच्या अंगावर लाल वस्त्र, धर्मासाठी मारल्या गेलेल्यांच्या सणाला घालतात ते. ज्यांनी हे पंचांग बसवले त्यांनी नाताळच्या दुसऱ्याच दिवशी दगडांनी मारलेल्या माणसाचा सण का ठेवला असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून पडतो. आणि आणखी दोन दिवसांनी, २८ तारखेला, हेरोद राजाने मारलेल्या बालकांचा. म्हणजे गोठ्यातले गवत वाळायच्या आत दोनदा लाल वस्त्र. २००७ साली कंधमाळ जळत होते तेही याच सणांच्या दिवसांत. ख्रिस्तसभा सणाच्या दिवसांत हे सगळे उच्चारते. उच्चारायला आम्हीच घाबरतो.

आजच्या वाचनात एक वाक्य आहे, ते आजवर माझ्या कानांवरून नुसतेच गेले होते. स्तेफनला दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवली. शौलाने दगड उचलल्याचे कुठे लिहिलेले नाही. तो उभा होता आणि कपडे सांभाळत होता. मी ते वाक्य ऐकले आणि पुढचे काही ऐकू आले नाही. तुलना फार मोठी होते आहे, हे मला समजते; मी कोणाचे कपडे सांभाळलेले नाहीत. तरीही कोणाचे तरी नाव जिथे घ्यायचे तिथे ते घेतले गेले नाही आणि मला बरे वाटले, एवढे तर खरेच आहे.

आणि आम्हाला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेली माणसे, काही परके नाहीत. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचा. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत त्याला पंचवीस जणांसह क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले आणि १८६२ मध्ये तो संत म्हणून जाहीर झाला. गासच्या चर्चला त्याचे नाव आहे, फेब्रुवारीत त्याचा सण आम्ही किती थाटाने करतो, मुलांना त्याची गोष्ट पाठ असते. सव्वाचारशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे मारलेल्या माणसासाठी आम्हाला कोणाची परवानगी लागत नाही, आणि आपल्याच देशात, आपल्याच हयातीत मारल्या गेलेल्यांचे नाव घेताना घसा कोरडा पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने कंधमाळमध्ये मारले गेलेले कंठेश्वर डिगाळ आणि त्यांच्या चौतीस सोबत्यांना रक्तसाक्षी ठरवण्याची प्रक्रिया सुरू करायला संमती दिली आहे. उद्या ते संत झाले तर त्यांच्याही सणाला आम्ही मांडव घालू, आणि तेव्हा मला वाचायला सांगितले तर मी खणखणीत आवाजात वाचेन. हा विचार मनात आला आणि मला स्वतःचाच तिटकारा वाटला.

थोडे थांबले होते. पाणी पिऊन आले.

आणखी एक लिहायचे राहिले आहे. कटक-भुवनेश्वरचे तेव्हाचे आर्चबिशप राफाएल चीनाथ यांनी कंधमाळच्या या लोकांसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. २ ऑगस्ट २०१६ ला निकाल लागला. मृतांच्या कुटुंबांना आणखी तीन-तीन लाख रुपये द्या, नोंदवलेल्या ८२७ गुन्ह्यांपैकी जे ३१५ तपास न लागता बंद केले ते पुन्हा तपासा, ज्या ३६२ खटल्यांचे निकाल लागले त्यांतल्या फक्त ७८ मध्येच शिक्षा कशी झाली हेही पाहा, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्यानंतर बाराच दिवसांनी, १४ ऑगस्टला, ते वारले. मुंबईत वारले, माझ्या घरापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर. मी अंत्यदर्शनाला गेले नव्हते. त्या दिवशी काय काम होते तेही आता आठवत नाही. स्वामींच्या हत्येसाठी ज्या सात ख्रिस्ती माणसांना जन्मठेप झाली, ते वर्षानुवर्षे तुरुंगात होते आणि २०१९ मध्ये एकेक करून जामिनावर सुटले. त्यांच्यासाठीही आम्ही कधी नाव घेऊन प्रार्थना केल्याचे मला स्मरत नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर मला वाटले होते की रडू येईल. आले नाही. उलट दुपारपासून मन जरा स्थिर आहे. मी भित्री आहे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, पण लिहिल्यावर ते तितके भयंकर दिसत नाही. काकाही भित्रे आहेत, आणि तरी त्या स्वेटरची घडी त्यांच्या हातांना अजून आठवते. जंगलात नाताळ काढणाऱ्या बायकाही भ्यालेल्याच असतील. त्यांनी शेकोटी पेटवली नाही. भीती असलेल्या माणसाने काय करायचे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मला मात्र परवा फक्त एक ओळ वाचायची होती, आणि काकांची रेघ काही इतकी जाड नव्हती की खालची अक्षरे दिसू नयेत. मला ती वाचता आली असती. हे माझ्याकडून झाले नाही, आणि पुढच्या नाताळाला होईल की नाही हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही.

संध्याकाळी वहिनी आल्या होत्या. कुलकुल आणि करंज्यांचे ताट मी काल दिले होते, ते त्यांनी परत आणले, आणि सोबत एका डब्यात तिळाच्या वड्या. ओट्यापाशी उभ्या राहून बोलत होत्या. बोलता बोलता हळदीचे पाकीट हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाल्या, "रंग काय सुंदर आहे हो हिचा. कंधमाळ म्हणजे कुठं आलं हे?" मी म्हटले, ओडिशात. आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, त्यांना घरची आठवण झाली आणि त्या गेल्या.

मला तेव्हाही क्षणभर सुटल्यासारखे वाटले. ते जसे झाले तसे लिहून ठेवते आहे.

त्यांचा डबा धुऊन पालथा घातला आहे. रिकामा डबा परत देऊ नये, असे आईने शिकवले आहे. उद्या सकाळी त्यात अर्धे पाकीट हळद घालून नेणार आहे, आणि जाताना त्या कागदाची घडीही पदरात असेल, रेघ ओढलेल्या ओळीसकट. वहिनी बसायला सांगतीलच. चहा ठेवतील.